फादरना जपमाळ आशीर्वादित करून द्या म्हणून सांगायचं कसं? आणि शेजाऱ्यांच्या फोटोचं चालतं का?

खानापूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहू का नको करत होते, आज लिहितेच.

आई गेली त्याला आता वर्ष होईल. तिची जपमाळ माझ्याकडे आहे, निळ्या काचेच्या मण्यांची, लग्नाच्या आधी तिनं वेळांकणीहून आणलेली. रोज दिवेलागणीला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, शेवटी शेवटी बोटं चालत नव्हती तर मी तिच्या हातात एकेक मणी पुढं सरकवायची. ती गेल्यावर महिन्याभरात साखळी तुटली, तीन मणी कुठं घरंगळले ते मिळालेच नाहीत, क्रुसाचा पण एक हात मोडला. शहापुरात एका सोनाराकडं नेली, त्यानं बिचाऱ्यानं जवळजवळ त्याच रंगाचे तीन मणी शोधून घातले, क्रूस नवा लावला आणि पैसे घ्यायलाच तयार नव्हता. आता ही माळ आशीर्वादित राहिली का नाही? मन सारखं तिथंच अडकतंय, हातात घेतली की जप बाजूला राहतो आणि त्या तीन मण्यांवर बोट थांबतं.

दुसरं म्हणजे २०२४ च्या डिसेंबरात आम्ही चोर्ला घाटातून ओल्ड गोव्याला गेलो होतो, सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला. तिथून नात्यातल्यांना द्यायला दोन डझन माळा घेतल्या, भावासाठी संत बेनेडिक्टचं मेडल घेतलं, तो ट्रक चालवतो. गर्दी इतकी होती की आशीर्वादाचं काही जमलं नाही. ती पिशवी तशीच कपाटात आहे, अजून एक माळ कुणाला दिली नाही.

तिसरं, शेजारच्या काकू. त्या हिंदू आहेत, आईच्या मैत्रीण, आईच्या आजारपणात रात्री येऊन बसायच्या. त्यांच्या देव्हाऱ्यात वेळांकणीमातेचा फोटो आहे आणि त्या म्हणाल्या तू जाशील तेव्हा माझा पण फादरकडनं मंतरून आण. मी हो म्हणून बसलेय.

आता न जाण्याचं कारण. एका फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, मी एका फादरना विचारलं होतं, ते घाईत होते, हातानंच नंतर नंतर केलं आणि गेले. वाईट हेतू नसणार, पण मला चार लोकांत इतकं लाजल्यासारखं झालं की परत धीर झाला नाही. आणि आमच्याकडं आता जे फादर आलेत ते धारवाडकडचे, कन्नड बोलणारे, माझं कन्नड बाजारहाटापुरतं. कसं सांगायचं, कधी जायचं, किती द्यायचं, कुणीतरी नीट सांगा.

टिळकवाडीकर

मिस्सा (चर्चमधली उपासना) संपली की साक्रिस्तीत, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीत जायचं, फादर कपडे उतरवायच्या आत. दोन मिनिटांचं काम आहे. पैसे नकोत.

लोंढा_जंक्शन

ताई तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. माझी आई अंथरुणावर आहे, तिची माळ दवाखान्यात ने-आण करताना हरवली, नुसत्या बोटांवर मोजत जप करते. माळ आणून देणारच आहे पण तोवर मी पण वाचतोय इथं काय काय उत्तरं येतात ते.

कॅम्पातला_जुना_माणूस

पोरी, मी तीसएक वर्षं साक्रिस्तीत मदत केली, आल्तारावरची फुलं, मेणबत्त्या, फादरांची वस्त्रं सगळं बघायचो, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो, कंटाळू नकोस.

पहिलं आईच्या माळेचं. माळ दुरुस्त केली, नव्या साखळीत ओवली, चार मणी बदलले, क्रूस बदलला, तरी माळ तीच राहते. म्हातारे फादर आम्हाला असंच सांगायचे, की मणी सगळे विखुरले, मोडले, माळ म्हणून काही उरलीच नाही तर आशीर्वाद गेला. इंडलजन्सच्या नियमांत पण स्पष्ट आहे, वस्तू नष्ट झाली किंवा विकली तरच तिच्यावरचा इंडलजन्स संपतो. म्हणजे तुझ्या आईची माळ आहे तशी आहे. पण तुझं बोट त्या तीन मण्यांवर अडतंय ना, मग खुशाल परत आशीर्वाद घे. दुसऱ्यांदा घेतला म्हणून काही बिघडत नाही, कुठल्याच फादरना राग यायचा नाही.

इंडलजन्स म्हणजे काय ते आजकालच्या पोरांना कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. कन्फेशनमध्ये पापाची माफी मिळते, पण त्या पापाचं जे प्रायश्चित्त उरतं त्यात चर्च आपल्या प्रार्थनेच्या जोरावर सूट देतं. क्रूस, माळ, स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे दोरीला जोडलेले कापडाचे तुकडे), मेडल यातली कुठलीही वस्तू फादरनी किंवा डीकननी (फादरांच्या खालच्या पायरीचे धर्मसेवक) आशीर्वादित केलेली असेल आणि तू ती भक्तीनं वापरलीस तर अर्धवट सूट. तीच वस्तू पोपनी किंवा बिशपनी आशीर्वादित केलेली असेल तर २९ जूनला, संत पीटर आणि पॉल यांच्या सणाला, विश्वासाचा अंगीकार म्हणून पूर्ण सूट मिळू शकते, अर्थात कन्फेशन, कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना हे नेहमीचं सगळं करून. आपल्या बेळगावच्या कॅम्पात फातिमा कॅथेड्रल आहे, १९५३ पासून आपला स्वतंत्र धर्मप्रांत आहे, बिशप काही लांब नाहीत. कन्फर्मेशनला आले की लोक नुसती अंगठी चुंबून परत जातात, खिशातली माळ पुढं करायचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता सांगायचं कसं. हे मी शेकडो वेळा बघितलंय. मिस्साच्या आधीची पंधरा मिनिटं फादरना कधी धरू नये, त्या वेळी डोक्यात उपदेश असतो, कुणी कन्फेशनला थांबलेलं असतं. फेस्ताच्या दिवशी तर नकोच, तुला नंतर नंतर केलं ते त्याच दिवशी ना? साधा आठवड्याचा वार बघ, मंगळवार बुधवार, सकाळच्या मिस्सानंतर. वस्तू पिशवीतनं, प्लास्टिकमधनं बाहेर काढून रुमालावर मोकळ्या ठेव. फादर, ह्या माळांना आशीर्वाद पाहिजे होता, एवढंच म्हण. कुणासाठी, का, हे सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर नको. ते स्टोल, म्हणजे विधीचा लांब पट्टा, गळ्यात घालतील, छोटी प्रार्थना म्हणतील, हातानं क्रुसाची खूण करतील, पाणी शिंपडतील. १९८४ च्या आशीर्वादविधींच्या पुस्तकात लांब विधी पण आहे, बायबल वाचून, आणि एका वाक्याचा पण आहे, ही वस्तू आणि ती वापरणारा दोघंही आशीर्वादित होवोत, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. दोन्ही तितकेच खरे. नुसत्या वस्तूवर नाही, वापरणाऱ्यावर पण मागितलेला असतो आशीर्वाद, हे लक्षात ठेव.

आणि लाजायचं काहीच कारण नाही. फादर झाले ते ह्यासाठीच. आपण त्यांचं काम वाढवत नाही, त्यांचं कामच मागतोय.

शहापूर_गल्ली

काका खूप छान लिहिलंत. मी हिंदू आहे म्हणून विचारतो, चुकलं तर माफ करा. त्या काकूंच्या फोटोला फादर नाही म्हणणार नाहीत ना? आमच्या घरातनं दरवर्षी म्हापशाला जातात, मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे तिथल्या मरियामातेला तेल घालायला, ईस्टर झाल्यावरच्या तिसऱ्या आठवड्यातला सोमवार असतो तो. आजी म्हणायची ती शिरगावच्या लईराईची बहीण. तिथं कुणी जात विचारत नाही. पण घरातली वस्तू घेऊन गावातल्या चर्चमध्ये जायचं म्हटलं की पाय अडखळतो, आत जायचं का नाही, चप्पल कुठं काढायची इथपासून.

सिस्टरांची_विद्यार्थिनी

शहापूरचे दादा, नाही म्हणणार नाहीत. चर्चचा जो कायदा आहे, १९८३ चा, त्यातलं ११७० वं कलम ह्यावरच आहे, आशीर्वाद मुख्यतः कॅथलिकांना द्यायचा पण जे अजून बाप्तिस्म्याची तयारी करतायत त्यांना, आणि कॅथलिक नसलेल्यांना पण देता येतो, जिथं चर्चची स्पष्ट मनाई आहे तेवढं सोडून. मी धर्मशिक्षण घेते मुलांचं म्हणून हे पाठ आहे. चप्पल घालून चालतं ओ, आमच्यात तसं नसतं, पण काढलीत तरी कुणी काही म्हणणार नाही.

एकच सांगते, फादरना आधी खरं सांगा की मी कॅथलिक नाही, घरात सायबिणीचा फोटो आहे, रोज दिवा लावतो. लपवायचं काही नाही. आणि लेकीनं काकूंचा फोटो आपला म्हणून न्यायच्या ऐवजी काकूंनाच बरोबर घेऊन जावं असं मला वाटतं. काका म्हणाले ना, वापरणाऱ्यावर पण आशीर्वाद असतो, मग ज्यांचा फोटो त्या समोर असल्या तर किती चांगलं.

फक्त एक शब्द खटकला, लिहू का? मंतरून. काकू सहज बोलल्या असणार, आपल्याकडं बोलतातच तसं. पण मंत्र घातला की वस्तू आपोआप काम करते असा त्यातनं अर्थ निघतो, आणि आशीर्वाद तसा नसतो.

निपाणी_नाका

मला खरं सांगायचं तर हे सगळं समजत नाही. देव काय मण्यांत आहे का? मनापासून प्रार्थना केली की झालं की. माझा भाऊ गाडी घेतली की आधी फादर, मग पुजारी, मग लिंबू मिरची, सगळं करतो आणि वेगात चालवतो ते वेगळंच. वस्तूला एवढं महत्त्व दिलं की माणूस वस्तूलाच धरून बसतो.

कॅम्पातला_जुना_माणूस

निपाणीकर, तुमचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. चर्च स्वतःच हे सांगतं. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात १६७० व्या परिच्छेदात आहे की ह्या गोष्टी साक्रामेंतांसारखी (बाप्तिस्मा, कम्युनियन असे मुख्य विधी) कृपा देत नाहीत, चर्चच्या प्रार्थनेनं माणसाला कृपा घ्यायला तयार करतात. आणि २१११ मध्ये तर सरळ म्हटलंय, आतल्या श्रद्धेशिवाय नुसत्या बाहेरच्या कृतीवर भरवसा ठेवला तर ती अंधश्रद्धा. म्हणजे मेडल लावलं, आता घाटात कसंही हाणलं तरी चालतंय, असं ज्याला वाटतं त्याच्या गळ्यात मेडल असून नसल्यासारखं.

पण म्हणून वस्तू नकोच असं पण नाही ओ. माणसाला हात आहेत, डोळे आहेत. त्या पोरीच्या आईची बोटं चालत नव्हती तरी तिला मणी हातात हवा होता. नुसत्या मनानं झालं असतं तर मागितली नसती तिनं माळ.

लेकी, भावाच्या मेडलबद्दल एक सांगतो. त्याच्यावर जी अक्षरं आहेत ना, ती लॅटिन ओळीची पहिली अक्षरं आहेत. मधल्या क्रुसावरच्या अक्षरांचा अर्थ असा की पवित्र क्रूस माझा उजेड होवो, सैतान माझा वाटाड्या न होवो. ट्रकवाल्याला याच्यापेक्षा चांगली प्रार्थना कुठली? त्याला अर्थ सांग, चोर्ल्यात धुकं उतरलं की म्हणायला. ह्या मेडलचा आशीर्वाद पूर्वी बेनेडिक्टाइन मठातल्या फादरांनाच द्यायची परवानगी होती, आता कुठलेही फादर देऊ शकतात, त्यामुळं मठ शोधत बसू नको.

चंदगडी_पोरगा

बेळगावात एका ठिकाणी माळा विकायला होत्या, आशीर्वादित आहेत म्हणून जास्त पैसे सांगितले. घेतल्या मी दोन. चुकलं का?

सिस्टरांची_विद्यार्थिनी

तुझं नाही चुकलं, तुला माहीत नव्हतं. पण आशीर्वादाचा भाव लावून विकणं एकदम चुकीचं आहे. वर काकांनी लिहिलंय बघ, विकली की इंडलजन्स संपतो. म्हणून दुकानातनं घेतलेली वस्तू, मग ती वेळांकणीची असो, ओल्ड गोव्याची असो नाहीतर खडेबाजारातली असो, घेतल्यानंतर आशीर्वादित करायची असते. तुझ्या दोन्ही माळा फादरकडं ने, नीट होतील. भेट म्हणून द्यायला काहीच हरकत नाही, देण्यानं काही जात नाही.

पैशाचं पण लेकीनं विचारलं होतं. आशीर्वादाला दर नसतो. द्यावंसं वाटलंच तर दानपेटीत टाका, फादरच्या हातात नको, त्यांना पण अवघडल्यासारखं होतं आणि मागं उभ्या असलेल्या गरीब बाईला वाटतं की आपल्याला पण द्यावे लागतील.

मोडका_बाजार

मोडलेल्या वस्तूंचं काय करायचं? आमच्याकडं पणजोबांच्या वेळचे फोटो, हात नसलेला एक बाळ येशू, गंजलेली मेडलं, एक डबा भरलाय. मलप्रभेत सोडू का?

कॅम्पातला_जुना_माणूस

नदीत नको. निर्माल्यासारखं पाण्यात सोडायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, पण धातू आणि प्लॅस्टर पाण्यात विरघळत नाही, खाली गाळात लोकांच्या पायाखाली येतं. कायद्याचं ११७१ वं कलम एवढंच सांगतं की आशीर्वादित वस्तूंचा मान ठेवायचा, भलत्या कामाला वापरायच्या नाहीत. कागद, कापड, लाकूड जाळायचं आणि राख मातीत. धातू, प्लॅस्टर, काच घराच्या परसात जिथं कुणाचा पाय पडत नाही अशा जागी पुरायचं. झावळांच्या रविवारच्या झावळ्या घरात सुकून पडतात त्या चर्चमध्ये परत नेऊन द्यायच्या, त्यांचीच राख पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला लागते. परस नसेल तर फादरना विचारा, बहुतेक चर्चच्या आवारात ते पुरू देतात.

लेकी, तुझ्या माळेचा जुना हात मोडलेला क्रूस तुझ्याकडंच असेल. तो टाकू नको. आईच्या कबरीच्या मातीत एका कडेला ठेवलास तरी चालेल.

लोंढा_जंक्शन

स्कॅप्युलरचं पण असंच का? आईचं तपकिरी स्कॅप्युलर आहे, कापड विरलंय.

सिस्टरांची_विद्यार्थिनी

त्याचं थोडं वेगळं. पहिलं स्कॅप्युलर फादरनी आशीर्वाद देऊन विधीनं गळ्यात घालावं लागतं. ते एकदा झालं की झालं, पुढं विरलं की नवं घेऊन स्वतः घालायचं, परत विधी नको. ज्यांना कापड टोचतं त्यांना १९१० पासून मेडलच्या रूपात घालायची पण परवानगी आहे, आजारी माणसाला ते सोपं पडतं, घाम येतो ना. मेडल मात्र आशीर्वादित पाहिजे. आणि आई अंथरुणावर आहेत तर तुम्ही फादरना घरी बोलवा ओ, आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला ते येतातच, त्याच वेळी माळ, स्कॅप्युलर, घरातला ओरातोर (आपला देव्हारा) सगळ्याला आशीर्वाद होईल. मागायला संकोच करू नका.

धारवाड_हुबळी_अपडाऊन

कन्नडचं कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. माझं शिक्षण कन्नडमध्ये झालंय. असं म्हणा: फादर, ई जपसरक्क आशीर्वाद माडतीरेन्री? जपसर म्हणजे जपमाळ, कन्नड कॅथलिक तोच शब्द वापरतात. आईची माळ म्हणायचं तर नम्म अव्वन जपसर. एवढं पुरे. पुढचं मराठीत बोललात तरी त्यांना कळतंय, बेळगाव भागात काम करणारे फादर चार भाषा शिकतातच, आणि नाही कळलं तरी हातातली माळ बघून कळतंय की. आशीर्वाद कुठल्या भाषेत दिला त्यानं काही फरक पडत नाही, आमच्या आजोबांच्या वेळी तर सगळं लॅटिनमध्येच होतं, एक शब्द कळत नव्हता त्यांना आणि तरी डोळे मिटून उभे राहायचे.

खानापूरची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. आज जाऊन आले, लगेच लिहितेय.

बुधवार बघितला, काका म्हणाले तसं. शेजारच्या काकूंना बरोबर घेतलं, त्या नको नको म्हणत होत्या, शेवटी नवी साडी नेसून तयार. मिस्सा कोकणीत होती, त्या मागच्या बाकावर बसल्या आणि सगळे उठले की उठल्या, बसले की बसल्या. नंतर आम्ही साक्रिस्तीच्या दाराशी गेलो. मी घरनं वाक्य पाठ करून गेले होते तरी ऐनवेळी जपसरक्कच्या ऐवजी जपमाळक्क म्हणाले. फादर हसले आणि मराठीत म्हणाले, आत या. त्यांना येतं मराठी, जरा थांबून थांबून बोलतात पण चांगलं बोलतात.

रुमाल पसरला, त्यावर आईची माळ वेगळी ठेवली आणि बाकीच्या एका बाजूला. त्यांनी विचारलं ही कुणाची, मी सांगितलं. त्यांनी ती हातात घेतली, ते तीन मणी त्यांना लगेच दिसले. काही बोलले नाहीत, आधी आईचं नाव विचारलं आणि तिच्यासाठी एक प्रार्थना म्हटली, मग आशीर्वाद. काकूंचं मीच सांगणार होते, पण त्याच पुढं झाल्या आणि म्हणाल्या, फादर मी तुमच्यातली नाही पण हिची आई माझी बहीण होती. फादरनी फोटोवर पाणी शिंपडलं आणि काकूंच्या डोक्यावर हात ठेवला. त्या घरी येईपर्यंत रिक्षात काही बोलल्या नाहीत, फोटो मांडीवर धरून बसलेल्या.

भावाचं मेडल मी मुद्दाम नेलं नाही. तो रविवारी घरी असतो, त्याला अक्षरांचा अर्थ सांगितला तर म्हणाला मी स्वतःच विचारतो फादरना.

आज संध्याकाळी आईच्या माळेवर पूर्ण तेर्स म्हटला, पाचही रहस्यं, कुठंही न थांबता.

बाकीच्या माळा आता वाटायला घेते. यादी केली तर तेवीसच जण होतात, एक उरतेय, पांढऱ्या मण्यांची आहे, हलकी. लोंढ्याचे दादा, तुमच्या आईला चालेल का? शनिवारी मला लोंढ्याला यायचंच आहे, स्टेशनवर देते.

लोंढा_जंक्शन

चालेल ताई. आईला सांगितलं, कधी येणार म्हणून दोनदा विचारून झालं. शनिवारी कुठल्या गाडीनं येताय तेवढं कळवा.